पहिला डबा कोणता घ्यावा? फँटसी रोलप्लेइंगचे नवख्यांसाठीचे संच शेजारी शेजारी ठेवून

कोणता डबा घेऊ, असं विचारणारे बहुतेक जण आधी त्यातले फासे, नकाशे आणि पानं मोजतात. मी आधी विचारतो, खेळ चालवणार कोण? टेबलाभोवती चार जण आपापलं पात्र खेळतात आणि एक जण गेममास्टर होतो. राक्षस, गावकरी, पाऊस, बंद दार, सगळं त्याच्याच तोंडून येतं. बाकीच्यांना पहिल्या संध्याकाळी कॅरेक्टर शीटचं, म्हणजे आपल्या पात्राची माहिती आणि आकडे लिहिलेलं, एक पान पाहिलं तरी पुरतं. गेममास्टरला मात्र साहस आधी वाचावं लागतं, नियम सांगावे लागतात आणि कोणी भलतंच काही करायला निघालं की तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे नवख्यांचा संच खऱ्या अर्थाने त्याच्यासाठी असतो. तो त्याचा हात किती धरतो, यावरून मी खालचे डबे तोलले आहेत.

हात धरून शिकवण्यात पाथफाइंडर या खेळाचा बिगिनर बॉक्स सगळ्यांच्या पुढे आहे. सध्याच्या दुसऱ्या आवृत्तीसाठीचा हा डबा 2020 चा. खेळाडूंची पुस्तिका 80 पानांची आहे आणि तिच्या सुरुवातीलाच एकट्याने खेळायचं छोटं साहस आहे: एक परिच्छेद वाचायचा, निर्णय घ्यायचा, फासा टाकायचा, सांगितलेल्या परिच्छेदावर जायचं. (ही युक्ती जुनी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच डी अँड डी, या खेळाच्या 1983 च्या लाल डब्यात फ्रँक मेंट्झर यांनी नवख्याला अशाच एकट्याच्या साहसातून खेळात आणलं होतं.) 96 पानांच्या गेममास्टरच्या पुस्तिकेतली गोष्ट ओटारी नावाच्या गावात घडते. मासे साठवायच्या तळघरातून माल नाहीसा होतोय, खाली जाऊन बघा, एवढीच कामगिरी. पण तळघराची रचना फार विचारपूर्वक केली आहे. प्रत्येक खोली एखादा नवा नियम घेऊन येते. आधी साधी मारामारी, मग शोधाशोध, मग सापळा, मग बोलणी. गेममास्टरने पुढची खोली वाचली की पुढचा धडा तयार. अख्खी पुस्तिका पाठ न करता खेळ सुरू करता येतो, आणि ही सोय दुसऱ्या कुठल्याही डब्यात मला इतक्या नीटपणे दिसलेली नाही. शिवाय पुठ्ठ्याच्या शंभरहून जास्त उभ्या सोंगट्या आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारा नकाशा आहे, त्यामुळे कोण कुठे उभा आहे यावरून वाद होत नाही.

डी अँड डीचं एकच नाव ऐकून आलेल्या माणसाला दुकानात त्याचेच तीन-चार डबे दिसतात आणि तिथे गोंधळ सुरू होतो. ते एकसारखे नाहीत. 2019 च्या इसेन्शियल्स किटमध्ये 64 पानांचं नियमपुस्तक आहे आणि त्यातून स्वतःचं पात्र शून्यापासून बनवता येतं. 11 फासे आणि गेममास्टरचा पडदाही मिळतो. 2022 चा 'ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल' आटोपशीर आहे: 32 पानांचे नियम, 48 पानांचं साहस, पाच तयार पात्रं. पात्र बनवायचे नियम त्यात नाहीत आणि पात्रं तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीला, पोचली की गोष्ट संपते. 2025 चा 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' 2024 च्या सुधारित नियमांवर चालतो आणि बोर्डगेम खेळणाऱ्यांना लगेच ओळखीचा वाटेल. पात्राच्या प्रत्येक वर्गाचा (लढवय्या, जादूगार वगैरे) वेगळा बोर्ड आहे, हत्यारं आणि मंत्र कार्डांवर आहेत. कागदावर आकडे खोडत बसण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांच्यासाठी मी डोळे मिटून हाच सुचवेन. त्यातलं साहस तीन स्वतंत्र पुस्तिकांत विभागलं आहे: किल्ला, रान आणि गुहा. मित्रमंडळीत गेममास्टरची जबाबदारी वाटून घ्यायची असेल तर या विभागणीचा फार उपयोग होतो.

इसेन्शियल्स किटबद्दल एक धोक्याची सूचना. त्यातलं साहस गावातल्या फलकावर लावलेल्या कामांनी पुढे सरकतं आणि कोणतं काम आधी उचलायचं हे खेळाडू ठरवतात. हे स्वातंत्र्य सुंदर आहे. पण सुरुवातीच्याच कामांपैकी एकात, पवनचक्कीजवळ, मँटिकोर नावाचा राक्षस भेटतो. पहिल्या लेव्हलची पात्रं त्याच्यावर तुटून पडली तर एका फेरीत कोणीतरी आडवं होतं. त्याच्याशी सौदा करता येतो, पण नवख्या खेळाडूंना राक्षसाशी बोलणं सुचतच नाही. गेममास्टरने त्याला आधी बोलायला लावावं, आणि तो बोलतोय हे खेळाडूंना ठसठशीत ऐकू येऊ द्यावं.

आता नियमांचा स्वभाव. पात्राला निसरडी भिंत चढायची आहे असं समजा. डी अँड डीत वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचा आकडा मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या काठिण्यपातळीइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त आली की जमलं. नाही जमलं तर पुढे काय होतं, हे बऱ्याचदा गेममास्टरच्या मनावर असतं. पाथफाइंडरमध्येही बेरीजच, पण निकाल चार प्रकारचे. लक्ष्याच्या 10 ने वर गेलात तर झपाट्याने वर चढता, 10 ने खाली राहिलात तर घसरून पडता. शिवाय आपल्या पाळीत तीन कृती मिळतात. चढणं ही एक, तलवार उपसणं दुसरी, वार करणं तिसरी. त्याच पाळीत दुसरा वार केला तर 5 वजा, तिसऱ्याला 10 वजा. याचा परिणाम असा, की खेळाडू सरधोपट तीन वार न करता सरकणं, ढाल उचलणं, शत्रूला घाबरवणं असं काहीतरी शोधू लागतात. नियम जास्त आहेत हे खरं, पण गेममास्टरला उत्तरं स्वतः शोधावी लागत नाहीत.

ड्रॅगनबेन या तिसऱ्या खेळात हीच भिंत उलट्या रीतीने चढतात. तुमचं कौशल्य 12 असेल तर वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा कमी यायला हवं. 1 आला तर 'ड्रॅगन', म्हणजे घवघवीत यश. 20 आला तर 'डीमन', म्हणजे काहीतरी अनर्थ. आणि साधं अपयश आलं तर फासा पुन्हा टाकता येतो, पण त्याची किंमत मोजून: पात्र थकतं, चिडतं, घाबरतं, खचतं. कोणती अवस्था घ्यायची हे खेळाडू ठरवतो आणि ती का ओढवली हेही त्यानेच सांगायचं. चाचरत बोलणारा नवखा या एका नियमामुळे आपोआप आपल्या पात्राबद्दल बोलायला लागतो. मला या खेळाची ओढ लागली ती इथूनच.

2023 चा हा डबा मुळात 'बिगिनर' म्हणवतच नाही. तो पूर्ण खेळ आहे. 1982 सालच्या 'ड्रॅकार ओक डेमोनेर' या स्वीडिश खेळाचा हा नवा अवतार. पात्रनिर्मितीसकट सगळे नियम, वेगळ्या पुस्तकात 11 साहसं, तीही एका मोठ्या कथानकात ओवता येणारी, आणि एकट्याने खेळायचीही सोय. लेव्हल नाहीत. जे कौशल्य वापरलं तेच हळूहळू वाढतं. मोठ्या राक्षसाचा हल्ला फासा न टाकताच लागतो आणि तुम्ही आपली कृती खर्च करून तो चुकवायचा, त्यामुळे लढाया भराभर होतात आणि अंगावर येतात. उणीव एकच: खोलीगणिक धडा देणारी पाथफाइंडरची शिस्त इथे नाही. गेममास्टरने शनिवार-रविवार देऊन पुस्तक वाचायला हवं.

रूनक्वेस्टचा 2021 चा स्टार्टर सेट मी निवडक लोकांनाच सांगतो. चार पुस्तकं, 14 तयार पात्रं, टक्क्यांवर चालणारे नियम आणि हात, पाय, डोकं यांचा वेगवेगळा हिशोब ठेवणाऱ्या लढाया. त्याचं ग्लोरँथा हे जग देवदेवता, टोळ्या, कुळं आणि त्यांच्या पंथांनी गच्च भरलेलं आहे. ज्याला दंतकथा आणि पुराणं वाचताना तहानभूक राहत नाही तो यात रमेल. इतरांना पहिल्या तासात नावांचीच दमछाक होईल. ड्रॅगनबेनशी त्याचं नातंही आहे, कारण 1982 चा तो स्वीडिश खेळ रूनक्वेस्टच्याच प्रकाशकांच्या, केऑसियमच्या, बेसिक रोलप्लेइंग नियमांवर उभा होता.

तर मी कोणाला काय देईन? गेममास्टर पूर्ण नवा, वाचायला वेळ कमी, खेळाडू तीन-चार: पाथफाइंडर. तो संपला की पुढचे सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट वाचता येतात, हाही मोठा आधार. घरातली मुलं आणि बोर्डगेमची सवय: हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स. एकच डबा घेऊन वर्षभर खेळायचं असेल तर ड्रॅगनबेन, दुसरा विचारही नको. आणि दोघंच असाल, एक चालवणारा व एक खेळणारा, तर इसेन्शियल्स किट घ्या. त्यात साथीदाराचे सोपे नियम आहेत, म्हणजे एकट्या खेळाडूच्या सोबतीला एक हलकंफुलकं पात्र येतं. त्या साथीदाराला नाव खेळाडूलाच ठेवू द्या, आणि पवनचक्कीच्या वाटेला लागण्याआधी एखादं दुसरं काम करून या.