इअरबड्स आणि मोठे हेडफोन: खोक्यावरचे आकडे आणि काही महिन्यांचा वापर

गेले काही महिने मी एकाच फोनवर दोन साधने आलटून पालटून वापरत आहे: कानाच्या आत बसणारे वायरलेस इअरबड्स आणि पूर्ण कान झाकणारे मोठे हेडफोन. पहिल्याच्या खोक्यावर 10 मिलिमीटरचा ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज निर्माण करणारा भाग) लिहिला आहे, दुसऱ्याच्या खोक्यावर 40 मिलिमीटरचा, आणि फ्रिक्वेन्सी दोन्हींवर 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ अशीच छापलेली आहे. दुकानात याच दोन आकड्यांवर भर दिला जातो. माझ्या मते प्रत्यक्ष आवाज यांवरून फारच थोडा कळतो.

ड्रायव्हर मोठा म्हणजे खर्ज जास्त, हा समज सर्वत्र आहे. परंतु इअरबडला कानाच्या नळीतली अगदी थोडी बंदिस्त हवा हलवायची असते, त्यामुळे सिलिकॉनची टिप घट्ट बसली, तर छोटा पडदाही खालच्या स्वरांना पुरेसा दाब देतो. फट राहिली, तर तोच खर्ज सर्वांत आधी निसटतो. एकल तबला ऐकताना डग्ग्याचा घुमारा मला डाव्या कानात भरीव, तर उजव्या कानात कोरडा ऐकू येत असे. उजवीकडे एक माप मोठी टिप लावताच मनगट घासून काढलेली मींड शेवटपर्यंत ऐकू येऊ लागली. मोठ्या हेडफोनमध्ये हीच फट माझ्या चष्म्याच्या काडीमुळे पडते आणि 40 मिलिमीटरचा ड्रायव्हर असूनही खर्ज उणा वाटतो.

फ्रिक्वेन्सीच्या आकड्याचे तर विशेषच आहे. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ ही साधारणपणे निरोगी तरुण कानाची श्रवणमर्यादा. त्या मर्यादेत आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, म्हणजे उदाहरणार्थ ‘अधिक-उणे 3 डेसिबल’ असे काही, हे सांगितले नसेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. दोन्ही खोक्यांवर ते सांगितलेले नाही.

हेडफोन वायरने जोडायचे असतील, तर इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते) मात्र नीट वाचावी. दर मिलिवॅटला 100 डेसिबल असे दोन हेडफोनांवर लिहिलेले असले, तरी समान व्होल्टेजवर 32 ओहमचा हेडफोन 300 ओहमच्या हेडफोनपेक्षा जवळजवळ 10 डेसिबल मोठा वाजतो. ब्लूटूथवर ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर साधनाच्या आतच असल्याने ही चिंता उरत नाही. तेथे प्रश्न कोडेकचा, म्हणजे आवाज आकुंचित करून बिनतारी पाठवण्याच्या पद्धतीचा येतो. सोनीने विकसित केलेला एलडॅक हा कोडेक कमाल 990 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) देतो, पण आयफोनमध्ये तो चालत नाही, आणि दादरच्या पुलावर ऐन गर्दीच्या वेळी या कमाल दरावर माझा आवाज तुटत असे. 660 वर ठेवल्यापासून तो त्रास थांबला आणि गाण्यात मला काही उणे जाणवले नाही.

लोकलमध्ये नॉइज कॅन्सलेशनची, म्हणजे बाहेरचा गोंगाट उलट ध्वनिलहरींनी दाबणाऱ्या यंत्रणेची, खरी परीक्षा होते. गाडीची सलग घरघर दोन्ही साधने चांगली दाबतात, कारण ही यंत्रणा खालच्या फ्रिक्वेन्सींवर सर्वाधिक प्रभावी असते. डब्यातल्या गप्पा आणि ‘पुढील स्टेशन’ची घोषणा मात्र बरीचशी आत येते, ती अडवण्याचे काम मुख्यतः टिप किंवा पॅड करतात आणि त्यात माझे इअरबड्स सरस ठरले. घरघर कमी झाल्याने आवाज वाढवावा लागत नाही, हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकणे सुरक्षित आहे, आणि बोरिवली ते चर्चगेट रोज ये-जा करणाऱ्याने तरी हा हिशेब ठेवायलाच हवा.

घरी ख्याल ऐकायला मी मोठे हेडफोनच घेतो. तानपुऱ्याची जवारी आणि गायकाचा स्वर त्यांत अधिक सुटे, मोकळे ऐकू येतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्या पॅडचे कृत्रिम चामडे मात्र पावसाळ्यातच सोलवटू लागले. पॅड नवे घेताना मूळ जाडीचे आणि मूळ आवरणाचेच घ्यावेत, कारण जाडी बदलली की ड्रायव्हर आणि कान यांतले अंतर बदलते, जाळीदार कापडातून हवा निसटते आणि त्याच हेडफोनचा खर्ज वेगळा ऐकू येतो.