बिलावर काळ लिहून मागा

गोव्यात जुनी चिनी मातीची भांडी विकणाऱ्यांची एक गोष्ट ठरलेली असते. थाळी अमुक भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातली, मुलं लिस्बनला गेली, घर विकायला काढलंय. ती खोटी म्हणता येत नाही. पोर्तुगीज १५५७ पासून मकावला होते, तिथला माल गोव्यावरून पुढे जायचा आणि इथल्या जुन्या घरांत अशी भांडी खरोखरच सापडतात. बार्देशातल्या एका दुकानदाराने मला हीच गोष्ट ऐकवून निळी-पांढरी थाळी २२ हजारांना विकली. "साहेब, मिंग आहे, वानली राजाच्या काळातली. हा बघा शिक्का." बुडाला सहा चिनी अक्षरं होती.

मुळात तो शिक्काच संशयास्पद. वानली हा चीनच्या मिंग घराण्यातला राजा, कारकीर्द १५७३ ते १६२०. त्या सुमारास निर्यातीसाठी बनलेल्या, कडेला कप्पे पाडलेल्या अशा थाळ्यांना संग्राहक 'क्राक' म्हणतात, आणि त्यांवर राजाचा शिक्का सहसा नसतो. शिवाय चिनी कारागीर आधीच्या राजांचे शिक्के सर्रास मारत. कांगशीच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) कित्येक भांड्यांवर त्याच्याही दोनशे वर्षं आधीच्या चेंगहुआचा शिक्का दिसतो.

बघायची असते ती बुडाची कडी, थाळी जिच्यावर टेकते ती. डिचोलीचे एक ओळखीचे कुंभार आहेत. त्यांचं काम लाल मातीचं, पोर्सेलीनशी, म्हणजे चिनी मातीशी, संबंध नाही. पण थाळी उलटी करून त्यांनी कडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही झिजलेली नाही, कुणीतरी घासलीय." भिंगाखाली धरली तर ओरखडे सगळे एकाच दिशेचे, सरळ पॉलिशपेपरचे. वापराचे ओरखडे असे शिस्तीत नसतात. रात्रभर गरम सोड्याच्या पाण्यात ठेवली तेव्हा कडीचा तपकिरी 'जुनेपणा' सुटून पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि खालून पांढरीशुभ्र माती निघाली. क्राकच्या कडीला बहुधा भट्टीतली वाळू चिकटलेली असते, हिच्यावर कण नव्हता. शिक्क्याशेजारी नखाएवढा डाग होता, थाळी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तरच दिसणारा. तिथली झिलई खरवडली होती आणि भिंगातून लाल शाईचा ठिपका दिसत होता. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तसं नाव असलेला शिक्काच तिथून काढला असणार, म्हणजे थाळी त्यानंतरचीच, असं माझं मत.

थाळी परत घेऊन गेलो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तो दाखवा म्हटलं. म्हणजे खरी म्हणाल तर परवाना हवा, परवाना नको तर थाळी नवी! गडी शांतपणे म्हणाला, "बिल वाचा ना साहेब." बिलावर लिहिलं होतं, 'शोभेची थाळी, निळी, १ नग'. मिंग, वानली, भाटकार, सगळं तोंडी. खरी मेख ही. म्हणून पैसे देण्याआधी काळ आणि घराणं बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला पुढचे प्रश्न विचारायची गरजच नाही.

पैसे परत द्यायला तो तयार नाही. वर सात हजार दिले तर बदल्यात 'कांगशीची' थाळी देतो म्हणाला. मी ती उलटी करून बघायला लागलो, तर हातातून काढून घेतली.