पीपीपीओई की थेट डीएचसीपी? मुंबईतल्या केबलवाल्यांसाठी

ग्राहकाला इंटरनेटला जोडायच्या या दोन पद्धती: पीपीपीओईत युजरनेम-पासवर्ड तपासून आयपी पत्ता मिळतो, डीएचसीपीत राउटर लावला की तो आपोआप मिळतो. गिरगावच्या चाळींत किंवा लालबागच्या जुन्या इमारतींत इंटरनेट पुरवत असाल, तर आधी जिन्यातला स्विच बघा. साधा, अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणारा) असेल तर पीपीपीओईच घ्या.

इथरनेटवर सगळी घरं एकाच जाळ्यात येतात, ग्राहक कोण हे त्याला ठाऊक नसतं. पीपीपीओई त्याच जाळ्यातून प्रत्येक घराची स्वतंत्र, दोन टोकांची जोडणी काढतं. ग्राहकाचा राउटर आधी सर्वांना हाक घालतो (पीएडीआय), तुमचा ॲक्सेस सर्व्हर प्रतिसाद देतो (पीएडीओ), राउटर त्या सर्व्हरकडे जोडणी मागतो (पीएडीआर) आणि सर्व्हर सेशन क्रमांक देतो (पीएडीएस). मग रेडियस (ग्राहकांची खाती तपासणारा सर्व्हर) युजरनेम-पासवर्ड तपासतो, तेव्हा कुठे आयपी मिळतो. पैसे थकले की तेवढंच सेशन तोडायचं. मधली वायर तुटली तर एलसीपी इको (सेशन जिवंत आहे का, हे तपासणारा संदेश) बंद पडतो आणि सर्व्हरला ते थोड्याच वेळात कळतं. पावसाळ्यात गच्चीवरून गेलेल्या वायरींचे हाल बघता हे फार मोलाचं आहे.

किंमत मोजावी लागते ती प्रत्येक पॅकेटवर चढणाऱ्या ८ बाइटच्या वेष्टनाची. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० वरून १४९२ होतो. 'अमुक साइट अर्धवट उघडते' ही तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा. सर्व्हरवर एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्यातला कमाल डेटा) १४५२ ला बांधला की बहुतेकदा प्रश्न मिटतो. २००६ च्या आरएफसी ४६३८ या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे पूर्ण १५०० मिळवता येतो, पण मधल्या प्रत्येक उपकरणाने मोठी फ्रेम पुढे न्यायला हवी. जुन्या स्विचवर ती आशा धरू नका. शिवाय प्रत्येक पॅकेटचं वेष्टन चढवण्या-उतरवण्याचा भार सर्व्हरवर पडतोच.

डीएचसीपीत ही वेष्टनाची भानगड नाही. राउटर लावला की चालू, पासवर्ड विसरल्याचे फोन नाहीत. मात्र ओळख मॅकवर (उपकरणाच्या पत्त्यावर) सोडू नका, त्याची कोणीही नक्कल करू शकतो. ऑप्शन ८२ हवाच: स्विच किंवा ओएलटी (फायबर जाळ्याचं तुमच्याकडचं उपकरण) राउटरच्या विनंतीत पोर्टची माहिती जोडतो, आणि त्यावरून घर ओळखता येतं. डीएचसीपी स्नूपिंगही (भलत्या पोर्टवरून येणारी डीएचसीपी उत्तरं अडवणं) हवं, नाहीतर एखाद्याने इमारतीची वायर चुकून राउटरच्या लॅन पोर्टला लावली की तोच राउटर शेजाऱ्यांना आयपी वाटत बसतो. पीपीपीओईच्या ग्राहकाला त्याचा त्रास होत नाही. पण खोटा पीपीपीओई सर्व्हरही कोणी उभा करू शकतो, म्हणून स्विचला जमत असेल तिथे पोर्ट आयसोलेशन (एका घराचा पोर्ट दुसऱ्याशी बोलू न देणं) दोन्हीकडे करा.

नव्या टॉवरमध्ये घराघरात फायबर आणि नीट ओएलटी असेल, तर मी डीएचसीपी निवडेन. दोन्ही प्रकारच्या इमारती असतील तर व्हीलॅन (एकाच जाळ्याचे आभासी भाग) वेगळे ठेवून एकाच सर्व्हरवर दोन्ही पद्धती चालवा, आणि चाळीत फायबर पोचेल तशी एकेक इमारत डीएचसीपीवर न्या.