साक्षगंधाची तारीख ठरली, पण मुलगीच नव्हती

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं. भाऊ माझ्याहून धाकटा, 33 वर्षांचा, बी.ए. झालेला. सात एकर वावर, विहिरीला पाणी, पक्कं घर, सुपारीचंही व्यसन नाही. तरी चार वर्षांपासून सोयरीक जुळत नाही, कारण पोरगा कास्तकार, म्हणजे शेतकरी. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यवतमाळ, अमरावतीचे परिचय मेळावे झाले. मेळाव्याच्या पुस्तकात फोटो छापून आला, पण फोन एकही आला नाही. हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे. तोच म्हणाला, "ताई, लिही. माह्यासारखे लय हायेत."

मित्राच्या नादाने त्याने आधी एक डेटिंग ॲप घेतलं होतं. दारव्ह्याकडे बसून त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मुली नागपूर-अमरावतीच्या. एकीने दुसऱ्याच दिवशी रात्री व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. हा घाबरला आणि त्याने ॲपच काढून टाकलं. नशीब, कारण असले कॉल रेकॉर्ड करून पोरांकडून पैसे उकळतात. मला कळलं तेव्हा मी रागावले. "असल्या भानगडीत पडू नको, लग्नाच्या वेबसाइटवर नाव टाक, तिथे घरंदाज लोक असतात," असं मीच म्हणाले. सल्ला माझा होता.

साइटचे 4,999 रुपये भरले. महिनाभरात एका मुलीचा होकार आला. नागपूरची, खाजगी दवाखान्यात नर्स, आमच्याच समाजाची. बायोडाटा अगदी रीतसर होता: कुळ, मामाचं गाव, भावंडं, जन्मवेळ, गुण 26 जुळतात हेसुद्धा. तिचं नाव इथे देत नाही, कारण ते तिचं नव्हतंच. फोटोखाली 'पडताळलेलं' असा हिरवा शिक्का होता. आम्हाला वाटलं, साइटवाल्यांनी आधार कार्ड पाहिलं असणार. तो शिक्का फक्त मोबाइल नंबरवर ओटीपी येतो एवढ्यापुरता होता, हे खूप नंतर कळलं.

दोन दिवसांत बोलणं साइटवरून व्हॉट्सॲपवर गेलं. मुलीची आई म्हणून एक बाई माझ्या आईशी रोज बोलायची. पहिल्याच फोनवर तिने विचारलं, "यंदा पराटीवर (कपाशीवर) बोंडअळी हाय का तिकडे? आमच्या मामाच्या वावरात तं लय नुकसान केलं." आई तिथेच विरघळली. "मले तं माणसं आपल्यासारखीच वाटली," म्हणाली. मीही त्या बाईशी दोनदा बोलले. आवाजात काही खोट नव्हती, बोली आपलीच होती. परक्या माणसाने एवढं बोलून दाखवलं असतं तर आम्ही सावध झालो असतो. इथे आम्हीच दार उघडून दिलं.

मुलीशी व्हिडिओवर बोलायचं म्हटलं की उत्तर यायचं, "आमच्या घरी साक्षगंधाआधी (साखरपुड्याआधी) चालत नाही." आणि आम्हाला ते आवडलं! संस्काराची मुलगी म्हणून आईने शेजारच्या बायांना कौतुकाने सांगितलं. नागपूरला पाहायला येतो म्हटलं, तर आजोबांचं तेरावं निघालं, मग मुलीची नाइट ड्युटी, मग आईचं ऑपरेशन.

2024 च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे ही. सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये. पण घरी पैसा लागत होता म्हणून भावाने व्यापाऱ्याला 4,100 ने माल दिला. 24 क्विंटलचे 98,400 रुपये चुकारा आला. फोनवर बोलता बोलता त्यानेच तिला सांगितलं, की सोयाबीन विकलं. चारच दिवसांत तिच्या आईच्या ऑपरेशनला 18,000 कमी पडले. उसने म्हणून. मग साक्षगंधासाठी नागपूरचा हॉल धरायचा, अर्धे तुम्ही द्या, 35,000. मग अंगठी आणि साडी आम्हीच इकडे घेतो, तुम्हाला यायला नको, 32,000. एकूण 85,000.

यातली एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. हॉलचे पैसे टाकताना भावाने फोन माझ्यासमोर धरला. "ताई, नाव कोनाचं येऊन रायलं पाय." यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. तिथे भलतंच नाव होतं, पुरुषाचं, आडनाव आपल्याकडे ऐकायलाही न मिळणारं. त्याने तिला फोन लावला. ती म्हणाली, हॉलच्या मॅनेजरचं खातं आहे. मी म्हणाले, असेल. त्याचं बोट बटणावर थांबलेलं मी पाहिलं होतं. मी 'थांब' म्हटलं असतं तर तो थांबला असता. ऑपरेशनच्या वेळी नाव वेगळं होतं, अंगठीच्या वेळी तिसरंच. तीन वेळा तीन नावं, आणि एकही त्यांच्या घरचं नाही.

साक्षगंधाच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, नंबर बंद झाला. भाऊ आणि माझे मिस्टर एसटीने नागपूरला गेले. मानेवाड्याकडचा जो पत्ता दिला होता तिथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान निघालं. दुकानदार वीस वर्षांपासून तिथेच बसतो. तो म्हणाला, महिन्याभरात असे विचारत येणारे तुम्ही दुसरे. संध्याकाळी माझ्या पुतण्याने तिचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं. फोटो दुसऱ्याच राज्यातल्या एका मुलीचा होता, तिच्या सार्वजनिक खात्यावरून उचललेला. त्या बिचारीला कशाचाच पत्ता नसेल. हे पाच मिनिटांचं काम आम्ही पहिल्या दिवशी केलं असतं तर!

त्या रात्री 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटचे पैसे सोमवारी गेले होते, म्हणजे तीन दिवस उशीर. तक्रार आली की ती रक्कम जिथे पोहोचली असेल तिथे बँकेला रोखून धरता येते, पण हे पैसे तासाभरात एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर पडतात. आमचे 6,200 रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. बाकी गेले. म्हणून सांगते, शंका आली की आधी 1930 लावा, नातेवाइकांना विचारत बसू नका. आम्ही सोमवार ते गुरुवार 'दवाखान्यात असेल, रेंज नसेल' म्हणत घालवले.

पोलीस ठाण्यात भाऊ मान वर करायला तयार नव्हता. गावात कळलं तर पुढे स्थळ येणार नाही, ही भीती. हीच भीती धरून ही माणसं धंदा करतात. तिथल्या अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं, यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं जपून ठेवायला सांगितलं. भावाने रागाने अर्धं पुसून टाकलं होतं. गुन्हा फसवणुकीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि आयटी कायद्याचं 66 डी. त्यांनीच सांगितलं, की लग्नाच्या साइटनी सदस्यांच्या ओळखीचा पुरावा घ्यावा अशी सूचना केंद्र सरकारने 2016 मध्येच काढलेली आहे. साइटला आम्ही ईमेल केला. उत्तर आलं, की सदस्यांनी स्वतः खात्री करून घ्यावी.

आता लोक मला विचारतात, मग साइट बरी की ॲप? काही डेटिंग ॲपवर निदान सेल्फी काढून चेहरा फोटोशी जुळवतात, पण माणूस आधीच लग्न झालेला आहे की नाही हे त्यातून कळत नाही. साइटवर कुळ-गोत्र सगळं असतं, पण ते कुणीही टाइप करू शकतं. ॲपवर आपण मुळातच संशय घेऊन जातो. साइटवर मात्र 'लग्न' हा शब्द पाहिला की चपला बाहेर काढून आत जावं तसा संशय बाहेर ठेवतो. पूर्वी स्थळ आलं की आई त्या गावातली ओळख काढायची, शेजारणीला, शाळेतल्या बाईंना विचारायची. मोबाइलवरून आलेल्या स्थळाबद्दल आम्ही एकाही माणसाला विचारलं नाही. ज्या दवाखान्याचं नाव तिने दिलं तिथे एक फोन करायचा होता.

दोन महिन्यांनी भावाला एक फोन आला. सायबर ऑफिसमधून बोलतो, तुमचे 85,000 सापडले, प्रक्रियेचे 5,000 भरा. आमच्या तक्रारीची गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली कोण जाणे. भावाने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, तुमचं पोलीस ठाणं कोणतं, तक्रार क्रमांक सांगा. फोन कटला. त्याच दिवशी तो नंबरही आमच्या तक्रारीला जोडून आलो.