भाडं थकलं तेव्हा भाडेकरूंच्या एका हेल्पलाईनला फोन केला होता, माझा अनुभव

नोकरी गेली त्याला आता आठ महिने होतील. दोन महिने सेव्हिंगवर काढले, मग दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि घरमालकांची नोटीस आली. मी काय केलं, तर ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि नऊ दिवस उघडूनच बघितली नाही (हसू नका, भल्याभल्यांचं असं होतं). मग मित्राने भाडेकरूंना फुकट सल्ला देणाऱ्या एका संस्थेचा नंबर दिला.

आधी वाईट सांगतो. फोन लागायला जाम वेळ, पन्नास मिनिटं तीच ट्यून ऐकत बसलो. आणि ऑनलाईन फॉर्म मोबाईलवरून भरायच्या फंदात पडूच नका, शेवटच्या पानावर फोटो अपलोड होत नाही आणि मागे गेलं की सगळं पुसलं जातं. तीनदा भरला मी.

पण ज्या ताई बोलल्या त्या एक नंबर. पहिलं वाक्यच, "नोटीस समोर घ्या आणि तारीख वाचा." मी आपला सामान कधी हलवू विचारतोय तर त्या म्हणाल्या अहो नोटीस म्हणजे कोर्टाची ऑर्डर नव्हे, बहुतेक ठिकाणी मालकाला कोर्टातूनच यावं लागतं, परस्पर कुलूप बदलणं, लाईट तोडणं चालत नाही. पण कोर्टाचा कागद आला आणि तारखेला तुम्ही गेलाच नाहीत तर एकतर्फी निकाल लागू शकतो, तिथे लोक फसतात.

मग अर्धा तास नुसता हिशोब. जुन्या कंपनीचे पैसे कधी येणार, भत्ता मिळतो का, खर्च जाऊन उरतं किती. घरमालकांना पाठवायचा मेसेज माझ्याकडूनच टाईप करून घेतला. मी "लवकरात लवकर देतो" लिहिलेलं, ते खोडायला लावलं आणि त्या जागी आकडा आणि तारीख, म्हणजे चालू भाडं अधिक थकबाकीचा सहावा हिस्सा, दर महिन्याच्या 7 तारखेला. ते हो म्हणाले तरी लेखी घ्या, कॅश दिली तर पावती घ्या. क्रेडिट कार्डवर भागवू का विचारलं तर ओरडल्याच!

घरमालक आधी गुरगुरले, चार हप्ते म्हणाले, शेवटी पाचवर मिटलं. चार गेलेत, एक राहिलाय.

पैसे मिळतील म्हणून या संस्थेकडे जाऊ नका, ती पैसे देत नाही. आणि दुसऱ्यांदा फोन केला की माणूस वेगळा, सगळं रामायण परत पहिल्यापासून. पाचपैकी चार स्टार, एक त्या फॉर्मने खाल्ला.