सीआरपी की जनुक चाचणी?
विश्रामबागेतून मावसबहिणीचा फोन. दिराला स्किझोफ्रेनिया आहे. "दादा, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी ही रक्तचाचणी करू की जनुकांची तपासणी?"

खर्चात सीआरपी शेकड्यांत, सांगलीतच होते. जनुकांचे हजारो, नमुना बाहेरगावी.

उपयोग? सीआरपी काही रुग्णांत वाढलेली सापडते खरी, पण हिरड्या सुजल्या तरी वाढते. जनुकांचं म्हणशील, तर २०१६मध्ये सहाव्या गुणसूत्रावरच्या, प्रतिकारशक्तीच्या सी४ जनुकाचा या आजाराशी संबंध दिसला. त्यामुळे मेंदूतले पेशींमधले जोड जास्त छाटले जात असावेत. फार मोलाचं संशोधन! पण एकट्या सी४मुळे धोका थोडाच वाढतो, आणि औषध बदलत नाही.

संसर्गाची शंका असेल तर सीआरपी. जन्मजात हृदयदोष किंवा बौद्धिक अडचण असेल, तर डॉक्टरांना विचारून जनुक चाचणी. आजार अचानक, ताप-झटक्यांसह आला असेल, तर दोन्ही सोड आणि आजच न्यूरोलॉजिस्ट गाठ. चालू गोळ्या थांबवू नकोस.