क्रोमखाली काय होतं: ‘तयार’ बीटल इंजिनाच्या सौद्यातली फसवणूक

जाहिरातीत तीनच शब्द होते: रिबिल्ट (खोलून नव्याने बांधलेलं), ड्युअल पोर्ट (प्रत्येक हेडला हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या दोन वाटा), क्रोम. फोक्सवॅगन बीटलचं १६०० सीसी एअर-कूल्ड इंजिन, उचला आणि गाडीत बसवा, असा दावा. त्यातला पहिला शब्द आणि १६०० चा आकडा, दोन्ही खोटे निघाले. स्टँडवर इंजिन चालू करून दाखवलं, तेलाच्या दाबाचा इशारा-दिवा लगेच विझला, पत्र्यात बघणाऱ्याचं तोंड दिसत होतं. सौदा झाला. नंतर इंजिन उघडावं लागलं आणि एकेक करून जे निघालं ते खाली आहे.

पहिली थाप क्षमतेची. प्रत्येक हेडवर (सिलिंडरच्या टोपणावर) दोन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आणणारी नळी) दिसला की लोक १६०० धरून चालतात. पण १९७१ च्या मॉडेलपासून युरोपातल्या १३०० इंजिनालाही ड्युअल पोर्ट हेड होती. विकणाऱ्याने प्लगच्या भोकातून सळई घालून ६९ मिमी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, मोजून दाखवला होता. यातली गंमत अशी की १३००, १५०० आणि १६०० या तिन्हींचा स्ट्रोक ६९ मिमीच असतो. फरक असतो बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात: १३०० चा ७७, १६०० चा ८५.५ मिमी. बोअर काही सळईने कळत नाही. इंजिन नंबर जनरेटरच्या स्टँडखाली केसवर (इंजिनाच्या मुख्य कवचावर) ठोकलेला असतो. इथे ती जागा रंगाने बुजवली होती. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर ‘एबी’ ही अक्षरं वर आली. ती १३०० ची. १६०० ड्युअल पोर्टवर ‘एडी’ सापडायला हवं होतं.

पण केस एका इंजिनाची आणि वरचं सामान दुसऱ्याचं, असंही होतं. म्हणून क्षमता तेल भरून मोजावी. इंजिन खाली उतरवलेलं असेल तर ते आडवं करून एक हेड वर आणा. रॉकर शाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पट्ट्यांच्या दांड्याचे) दोन नट काढून शाफ्ट बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून पातळ तेल मोजून भरा. ते उपसा, पिस्टन तळाला न्या, पुन्हा मोजून भरा. दोन मापांतला फरक ३९६ सीसीच्या जवळ आला तर १६००, ३२१ च्या जवळ आला तर १३००. रिंगांमधून थोडं तेल झिरपतं, पण मधलं अंतर ७५ सीसीचं असल्यामुळे घोटाळा होत नाही. मोजून झाल्यावर सगळं तेल उपसल्याशिवाय प्लग लावून क्रँक (पिस्टन हलवणारा मुख्य दांडा) फिरवू नका, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल. रॉकरचे नट परत २५ न्यूटन-मीटरला कसायचे आणि टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) फट थंड इंजिनावर ०.१५ मिमीला लावायची.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. केस चंदेरी रंगाने रंगवलेली होती. ही केस मॅग्नेशियम मिश्रधातूची असते. साफ केली की मंद राखाडी दिसते, चंदेरी चमकत नाही. तीन नंबरच्या सिलिंडरमागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, जुन्या केसला तडा जाण्याची ठरलेली जागा आहे. तिथे बोळा फिरवला तर रंगाखाली लांबी (पुट्टी) लागली. सुईचं टोक सहज आत गेलं. इपॉक्सीने बुजवलेला तडा तेल तापेपर्यंत धरतो, मग सुटतो. इतर सगळी केस जुनी आणि एवढाच पट्टा गुळगुळीत दिसला तर शंका घ्यायलाच हवी.

रंगाआधी केस काचेच्या मण्यांनी ब्लास्ट केली होती, तीही तेलाच्या वाहिन्यांच्या बुचा न काढता. हे मणी वाहिन्यांत अडकून बसतात आणि इंजिन चाललं की तेलाबरोबर बेअरिंगमध्ये उतरतात. पारख सोपी आहे. खालच्या जाळीच्या प्लेटचे सहा नट काढा, तेल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि उरलेला गाळ बोटांत चोळा. वाळूसारखी खरखर लागली तर काचच. चमचमणारी पूड चुंबकाला चिकटत नसेल तर ते बहुधा बेअरिंग. प्लेट बसवताना नट ७ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त कसू नका. आटे मरतात, प्लेट वाकते आणि तेल मग कुठूनही गळतं.

‘रिबिल्ट’ खरं की खोटं हे क्रँकची पुली धरून अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पुली दोन्ही हातांनी आत-बाहेर ढकला. हाताला ठक् जाणवलं तर क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) हाताबाहेर गेलेला आहे. डायल गेजवर तो ०.०७ ते ०.१३ मिमी असावा, ०.१५ ही हद्द. या इंजिनात गेज न लावताही तो दिसत होता. आणि तेलाच्या दिव्यावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: त्याचा स्विच अर्ध्या बारच्याही खालच्या दाबावर दिवा विझवतो. जाड तेल भरलं की झिजलेल्या इंजिनातही तो झटकन विझतो. दाब गेज लावूनच बघावा, तोही इंजिन पुरतं तापल्यावर. इंजिन मात्र आपल्यासमोर थंड असताना चालू करायला लावायचं. पोचण्याआधीच गरम करून ठेवलेलं असेल तर परत फिरावं.

आता सजावटीकडे, कारण खरा लुबाडणारा भाग तोच. क्रोम उष्णता अडवतो ही ओरड थोडी फुगवलेली आहे. क्रोम उष्णता कमी फेकतो हे खरं, पण हे इंजिन थंड होतं ते फिन्समधून (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून) ढकललेल्या हवेने, आणि हवा कुठे जायची ते हे पत्रे ठरवतात. स्वस्त क्रोम संचाचे पत्रे नीट बसत नाहीत. भोकं जुळत नाहीत, कडांना फट राहते, मग स्क्रू तिरका घालून पत्रा ओढून बसवतात. या इंजिनात फॅन हाउसिंगच्या (पंख्याच्या पत्र्याच्या डब्याच्या) आत हवा वाटणाऱ्या पट्ट्याच नव्हत्या, नुसता चकाकता डबा. हीटरच्या दोन नळ्यांची तोंडं उघडी, त्यामुळे सिलिंडरची हवा तिथून बाहेर. सिलिंडरच्या खालचे, पुश रॉडच्या नळ्यांमधले छोटे पत्रे गायब. ते वरून दिसतच नाहीत, म्हणून ‘नको ते वजन’ म्हणून टाकून दिलेले असतात. त्यांच्याशिवाय हवा सिलिंडरला वेढा न घालता सरळ खाली पडते. थर्मोस्टॅट आणि त्याने हलणाऱ्या हवेच्या झडपाही नव्हत्या. प्लगच्या वायरींची रबरं नाहीत, इंजिनाभोवतीची रबरी पट्टी नाही. त्या फटींतून सायलेन्सरची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो.

वरून शोभेची छोटी अ‍ॅल्युमिनियम पुली! क्रँकची पुली लहान म्हणजे पंखा हळू. त्यात तेलाचा कूलर जुन्या पद्धतीने फॅन हाउसिंगच्या आतच उभा, तीन नंबरच्या हवेच्या वाटेत. तीन नंबर मुळातच गरम चालतो. तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला होता आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत हेडला तडा होता. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर त्या वाटेतून बाजूला सरकवून त्याला वेगळी वाट दिली, ती याच कारणासाठी.

विणीच्या स्टीलच्या वेष्टनातला पेट्रोल पाइप दिसायला झकास, पण आतलं रबर कुजलं तरी बाहेरून काही कळत नाही. काचेचा फिल्टर नेमका डिस्ट्रिब्युटरवर लोंबत होता आणि कार्ब्युरेटरची पितळी नळी बोटाने फिरत होती. इंजिनात आग लागते ती अशाच ठिकाणाहून, आणि केस मॅग्नेशियमची आहे हे विसरू नये. साधा नवा रबरी पाइप, दोन्ही टोकांना क्लिपा आणि फिल्टर इंजिनाच्या कप्प्याबाहेर, एवढंच हवं.

कमी पैशांत इंजिन देखणं करायचं असेल तर मूळ पत्रे फेकू नका. ते काढा, रॉकेलने धुवा, वाकलेल्या कडा लाकडी हातोडीने सरळ करा, गंज खरवडा आणि उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्या. सिलिंडरच्या फिन्सवर पावडर कोटिंग नको, फार तर काळ्याचा एक हलका फवारा. केसला रंगच नको. उघडी केस कुठे गळतेय ते लगेच दाखवते. टॅपेटची झाकणं मूळची, तारेच्या कमानीची ठेवा. बोल्टची चकचकीत झाकणं गळण्यासाठी प्रसिद्ध आहेत. कॉर्कचं गॅस्केट फक्त झाकणाला चिकटवा, हेडच्या बाजूने कोरडं ठेवा. पुश रॉडच्या जुन्या नळ्या पुन्हा घालणार असाल तर दोन्ही टोकांच्या पन्हळी ओढून सीटमधली लांबी १९० ते १९१ मिमी करून घ्या, नाहीतर नवी सील घालूनही तेल ठिबकत राहील. अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड आणि जनरेटरचा स्टँड पॉलिश करा, तो खर्च फक्त हातांचा. नवी रबरं आणि पट्टा घ्या. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १५ मिमी लवला पाहिजे, कमी-जास्त असेल तर जनरेटरच्या पुलीतल्या चकत्या बदलायच्या. तेल अडीच लिटर. क्रोमची हौस असेल तर ती कॉइलच्या पट्टीवर आणि एअर फिल्टरवर भागवा. फक्त फिल्टर झाकणाला आपटत नाही ना, ते आधी बघा.

विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: चालू करून दाखवलं होतं, तुम्ही ऐकलं होतं. लेखी काहीच नसल्यामुळे बोलणं तिथेच संपलं. व्यवहाराच्या कागदावर इंजिन नंबर, बोअर, चारही सिलिंडरचं कम्प्रेशन आणि मोजलेला एंड प्ले लिहून सही मागितली असती, तर तो आधीच कां-कूं करू लागला असता. त्या इंजिनातल्या क्रोमच्या सामानातून पुन्हा बसवता आली ती फक्त तेल भरायच्या नळीची टोपी.